नळ दुरुस्ती आणि घरचा खांदा

नीट बसवलेला नळ प्लंबरला पुन्हा हाक मारत नाही. त्यामुळे प्रामाणिक प्लंबर हा समाजात सर्वांत लवकर विसरला जाणारा माणूस होय. या अन्यायावर आधुनिक काळाने काढलेला तोडगा म्हणजे रील.

पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचा दीपेश हा असाच विसरला गेलेला प्लंबर. त्याच्या हाताला गुण असा, की त्याने आवळलेला नळ पुढच्या पिढीनेच खोलावा. साहजिकच हाताला काम नव्हतं. बायको पूजा म्हणाली, "पाना पुसत बसण्यापेक्षा जगाला दाखवा तरी." तिने मोबाईल धरला, त्याने पाना धरला, आणि गळता नळ ढोलताशाच्या तालावर न गळता झाला.

जगाने दखल घेतली. निम्म्या लोकांनी "एक नंबर भावा" म्हटलं. काहींनी नुसते लाल बदाम पाठवले. उरलेल्यांनी गाव कोणतं ते विचारलं (गावाचं नाव व्हिडिओत दीपेशच्या डोक्यावरच ठळक अक्षरांत होतं). नाशिकच्या एका गृहस्थांनी "आमच्याकडे कधी येता?" अशी चौकशी केली आणि पत्ता न देता ते अंतर्धान पावले. काम कोणीच दिलं नाही.

काम दिलं रंगूबाईंनी. त्या शेजारच्या आळीतल्या. मुलगा रितेश नालासोपाऱ्याला. त्याला फोन केला की तो "मीटिंगमध्ये आहे" असं कळवी (तो गोदामात आहे, पण मीटिंग आता सगळीकडे पोचली आहे). तीन शिमगे तो आला नव्हता. आणि शिमग्याला ग्रामदेवीची पालखी दारात येते, तेव्हा अंगणात ती नाचवायला घरचा खांदा लागतो. घरात खांदा नसला तर पालखी उंबऱ्याशी टेकते, नारळ घेते आणि पुढे जाते. रंगूबाईंच्या दारावरून ती तीनदा तशीच पुढे गेली होती.

तर पूजा म्हणाली, "काकी, नळ कसा गळतोय ते मोबाईलकडे बघून सांगा." रंगूबाईंनी पदर सावरला, मोबाईलकडे पाहिलं आणि नळाचा विषय बाजूला ठेवून ओवी धरली:

*गळतो गं माझा नळ, थेंब थेंब हंड्यामंदी*
*लेक गेला मुंबईला, येतो म्हणं सणामंदी*

आणि वर, "रितेशा, ऐकतोस ना रे?"

रितेशने ऐकलं. फोन न उचलणाऱ्या रितेशने चहा गार व्हायच्या आत बदाम पाठवला. ही बातमी पाणवठ्यावर पोचली आणि खोऱ्यातले नळ एकामागून एक बिघडू लागले.

या साथीचा अभ्यास केला असता असं दिसतं, की नळ बिघडण्याचं प्रमाण मुलाच्या अंतरावर अवलंबून असतं. मुलगा महाडच्या एमआयडीसीत पाळीला जात असेल, तर नळ ठणठणीत. पनवेलला असेल, तर सणासुदीला बिघाड. मुंबईला असेल, तर दर महिन्याला. आणि आखातात असेल, तर दर आठवड्याला, न्हाणीघरातल्या फवाऱ्यासकट (महाडच्या हलिमाबींचा ताबिश कुवेतला आहे, त्यांच्या घरी आता एकही नळ जागेवर नाही).

रंगूबाईंकडे दुसऱ्या खेपेला दीपेश गेला, तेव्हा नळातला वायसर गायब.

"काकी, वायसर कुठं गेला?"

"उंदरानं नेला असंल."

"पान्यानं खोलून?"

"आमचे उंदीर शिकलेले हायत रे. तू नको तिथं बघू नको. पूजा गो, मोबाईल काढ. माझी टिकली सरळ हाय ना?"

वायसर खिडकीत होता, धुऊन पुसून वाटीत ठेवलेला. दीपेशने तो गुपचूप बसवला. कारागिराने गिऱ्हाइकाच्या उंदरांविषयी फार चौकशी करू नये, असा या धंद्याचा संकेत आहे.

शिमगा दोन दिवसांवर आला, तेव्हा रंगूबाईंनी थेट टाकीचाच पाइप काढला. अंगणात पाणीच पाणी. त्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "रितेशा, परवा पालखी येते. अंगण मी सारवते, खांदा तेवढा तू आण. नाय म्हणू नको रे."

चार लाख लोकांनी पाहिलं. रितेशनेही पाहिलं, आणि लगेच आपल्या स्टेटसला लावलं: 'आई ती आई. गाव ते गाव. मिस यू शिमगा.' खाली रडका चेहरा. मग तो मीटिंगला गेला.

पालखी आली, तेव्हा टाकीचा पाइप पुन्हा निघाला होता आणि दीपेश तो बसवायला आला होता. ढोल थांबला. पुजारी नारळासाठी हात पुढे करणार, एवढ्यात रंगूबाईंनी दीपेशच्या हातातला पाना काढून घेतला.

"वाकतोस काय नुसता? घे!"

"काकी, पण घरचा खांदा..."

"माझ्या घरातला एकेक पाइप तुला ठावं हाय. आता आणिक घरचं म्हंजे काय असतं?"

दीपेशने खांदा दिला. पालखी ओल्या अंगणात अशी नाचली, की रंगूबाई टाळ्या पिटत फेर धरू लागल्या आणि शेवटी पान्यावरच ताल धरला. पूजाने सगळं टिपलं.

आणि त्या रात्री, आयुष्यात पहिल्यांदा, दीपेशचा फोन लांबलांबून कामासाठी वाजू लागला. विरार, कळंबोली, दुबई. नळाचं कोणीच विचारलं नाही. सगळ्यांचं एकच: "दादा, पुढच्या शिमग्याला आमच्याही दारात खांदा द्याल का? आईला सांगा, मीच पाठवलंय." यादीत सर्वांत वर नाव लागलं ते रितेशचं.

दीपेशने आता दोन पोरं हाताखाली घेतली आहेत. पाटीवर 'नळ, टाकी, मोटार व खांदा' असं रंगवलं आहे. समाजमाध्यमांनी कारागिराला काम मिळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ती पाटी येऊन पाहावी.

पुढच्या शिमग्याच्या थोड्या जागा अजून शिल्लक आहेत. इच्छुकांनी गाव, आळी आणि आईचं नाव कळवावं. स्वतःचं नाव कळवायची गरज नाही. ते तिने व्हिडिओत घेतलेलं आहे, आणि तुम्ही त्याला बदाम दिलेला आहे.