व्हर्नाबाईंची अस्सल नोट

यंदाच्या प्रदर्शनात मधल्या काचपेटीत माझी नोट बसणार म्हणजे बसणारच! व्हर्ना हॉस्टेटरने हे सगळ्या लँकेस्टर गावाला ऐकवून ठेवलं होतं. जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळात तिच्या नोटांच्या नशिबी वर्षानुवर्षं दाराजवळचं टेबल, खाऱ्या प्रेट्झेल बिस्किटांच्या परातीशेजारी! आता मात्र तिला इंग्रज राजाच्या अमलातली, पेनसिल्व्हेनियाची पंधरा शिलिंगांची नोट सापडली होती. पाठीवर छापलेलं, 'बनावट नोट करणाऱ्यास देहदंड'. ते वाचून तिच्या नवऱ्याने, एलमने, उगाचच हात मागे घेतला होता.

मंडळाचे अध्यक्ष ऑग्डन प्रूइट यांनी नोटेला भिंग लावलं आणि चारचौघांत ओरडले, "अहो, ही तर नकली!"

झालं! बाईंचा पारा चढला.

"नकली? नकली तुमचे दात!"

"अहो बाई, पुरतं ऐकून तर घ्या..."

"ऐकलं तेवढं पुष्कळ झालं!"

प्रूइटांनी फोन केला, तिने आपटला. ते केक घेऊन दारात आले, तिने केक घेतला आणि दार लावलं!

"अगं, माणूस काहीतरी सांगायला येतोय," एलम म्हणाला.

"तू नवरा कोणाचा? माझा की प्रूइटचा?"

एलमने निमूटपणे केक कापला.

प्रदर्शनाच्या दिवशी व्हर्ना थेट फिलाडेल्फियाच्या थॅडियस कीमना घेऊनच आली. जुन्या नोटांच्या बाबतीत या म्हाताऱ्याचा शब्द शेवटचा. त्यांनी नोट उजेडात धरली.

"कागदात अभ्रक चमकतंय, निळे धागेही आहेत, म्हणजे त्या काळचा सरकारी कागद. शंभर टक्के अस्सल!"

"ऐकलंत?" व्हर्ना गरजली. "आता उघडा ती पेटी!"

प्रूइटांचा चेहराच पडला. "अरेरे! बाई, यंदा त्या पेटीत त्या काळच्या ठगांनी छापलेल्या नोटा मांडल्यात. सापडल्या की सरकार जाळून टाकायचं, म्हणून अशी एखादीच उरते. तुमची बघितली आणि मी आनंदाने ओरडलो हो! मधली जागा तुमच्यासाठीच रिकामी ठेवली होती. अस्सल काय, इथे प्रत्येकाकडे आहे."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. व्हर्नाने पेटीतल्या रिकाम्या मखमलीकडे पाहिलं. तिला रडू येईल की काय, असं एलमला वाटलं. छे! बाई गर्रकन कीमकडे वळल्या.

"डोळे शेवटचे कधी तपासले होते हो तुम्ही?"

"अहो, तुम्हीच तर मला..."

"आणलं म्हणून वाट्टेल ते सांगाल? नोट नकली आहे! आमचे प्रूइटसाहेब पहिल्या नजरेत म्हणाले होते!"

"पण बाई, कीमसाहेबांपुढे मी काय बोलणार?" प्रूइट पुटपुटले.

"एलम, गाडी काढ!"

"आता कुठे?"

"ज्याला नजर आहे अशा माणसाकडे!"

"आणि तोही अस्सल म्हणाला तर?"

"तर पुढच्याकडे!"