रंगनाथअण्णांचं पंपिंग

आमच्या वडीगोद्रीत कुणाच्या छातीत दुखलं, तर तो माणूस आधी रंगनाथअण्णांच्या दुकानासमोर थांबतो आणि मग दवाखान्यात जातो. अण्णांचं दुकान हायवेच्या कडेला, मोटारी भरायचं. विहिरीतली मोटार जळाली की लोक ती आणून टाकतात, अण्णा नवीन तार भरून देतात. पण गेल्या वर्षापासून ते माणसाच्या हृदयावरही बोलतात, आणि मोटारीपेक्षा जास्त खात्रीनं बोलतात. माझं बी-बियाण्यांचं दुकान त्यांना लागूनच, त्यामुळं हे ज्ञान मला दिवसभर फुकट मिळतं.

"काळीज म्हंजे काय, सुधाकरराव? पंप. मुठीएवढा, पण चोवीस तास चालू. लाइट गेली अन् हा थांबला, असं न्हाई. शिरा म्हंजे पाइप. पाइपात गाळ बसला की पंपावर लोड. मंग जळणार न्हाई तं काय?"

कुणाचं बीपी वाढलं, तर "फुडं कुठंतरी व्हॉल्व बंद हाये." कुणाचं पोट फुगलं, तर "पंपानं हवा धरली." उपाय मात्र सगळ्यांना एकच, "चाला. बिलकुल बसू नका." हे सांगताना अण्णा स्वतः स्टुलावर बसलेले असतात.

या विद्येचा उगम असा. गेल्या वर्षी अण्णा बायकोला, म्हणजे आमच्या कौसल्याकाकूंना घेऊन जालन्याला दवाखान्यात गेले आणि परत येऊन त्यांनी दुकानासमोर जाहीर केलं, "माह्या काळजाचं पंपिंग कमी झालं. डॉक्टर म्हणले, रोज सकाळी चालायचं. पण एकट्यानं न्हाई. सोबत घरचं माणूस पाहिजे. चक्कर आली तं धरायला."

घरचं माणूस म्हणजे काकू. मुलगी सीमा लग्न होऊन अंबडला गेलेली. तेव्हा दुसऱ्या दिवशी अण्णा पायजम्यावर पोपटी बूट घालून निघाले, आणि काकू स्वयंपाक अर्धा टाकून, बडबड करत त्यांच्याबरोबर.

आमच्याकडं माणूस शेतात जायला चालतो, फाट्यावर जायला चालतो. नुसताच चालतो, हे गावाला पटेना. मोटारसायकली थांबायला लागल्या.

"बसा अण्णा, सोडतो."

"कुठं जाऊन न्हाई राह्यलो."

"मंग चालून काहून राह्यले?"

एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांनी टेम्पो थांबवून दोघांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं. कुणीतरी सीमाला फोन केला की, तुझे मायबाप भांडण करून घर सोडून चालले. जावई बिचारा तसाच, न जेवता, अंबडहून गाडी हाणत आला. अण्णांनी त्याला रस्त्यातच पंपाची माहिती दिली आणि चालायला लावलं.

खरं सांगायचं तर मला अण्णांचा आजार थोडा सोयीचा वाटायचा. एकदा त्यांनी गिऱ्हाइकाची मोटार एकट्यानं उचलून टेम्पोत चढवली. श्वाससुद्धा वाढला नाही. तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. अण्णांनी लगेच छातीवर हात ठेवला आणि स्टूल ओढलं.

रस्त्यावरही तेच. काकू थोड्या मागं पडायला लागल्या की यांना दम लागायचा. "थांबा. माह्यानं न्हाई होत." मग दोघं पुलाच्या कठड्यावर बसायचे. विश्रांती पुरी होईपर्यंत अण्णा बोलत राहायचे, आणि त्या बोलण्यात धाप कधीच नसे.

घरातलं मीठ कमी झालं. लोणचं शेजारी गेलं. काकूंनी एकदा स्वतःपुरती झणझणीत भाजी वेगळी काढली, तर अण्णा ताटावरून उठले. "दोन-दोन भाज्यांचा खर्चा काहून? मी अळणी खायचं अन् तुम्ही माह्यासमोर झणझणीत हाणायचं?" आजारी एक माणूस आणि पथ्य दोघांना! मला काकूंची दया यायची.

मग एका सकाळी दुकान उघडत होतो, तर अण्णांचा फोन आला. "पुलावर गाडी आणा. जल्दी." मी गेलो, तर पोपटी बूट धडधाकट उभे, आणि कठड्यावर काकू बसलेल्या. चेहरा पांढराफटक, कपाळाला घाम. आम्ही त्यांना मागच्या सीटवर निजवलं. जालना येईपर्यंत अण्णांनी पंप, पाइप, व्हॉल्व यातलं एक अक्षर काढलं नाही. नुसतं मागं वळून बघत होते.

दवाखान्यात काकूंना आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "घाबरू नका. उपाशीपोटी चालल्या, त्यानं चक्कर आली. हृदयाचं पंपिंग मागच्या वेळेपेक्षा चांगलं सुधारलंय. चालणं सोडू नका, फक्त काहीतरी खाऊन निघा."

मी म्हणालो, "आणि अण्णांचं पंपिंग?"

"यांना काय झालंय?" डॉक्टरांनी मलाच विचारलं.

डॉक्टर गेल्यावर अण्णा भिंतीकडं बघत बसले. मग आपणहूनच बोलले.

"मागल्या साली डॉक्टरनं तिच्यासमोरच सांगितलं, हिचं पंपिंग कमी हाये, रोज चालायचं. बाहेर आल्यावर ती म्हणती, गॅस हाये, अन् घरात मी काय कमी चालते का? संपलं. सवताच्या पायात नवी चप्पल घालायला तिला चार दिवाळ्या लागत्यात, सवतासाठी ती चालंल कव्हा? मंग मीच ठोकून दिलं, डॉक्टरनं मलाबी तपासलं अन् पंपिंग माहंबी कमी निघालं. माह्यासाठी चालती."

गोळ्या आणायला ते खाली औषधाच्या दुकानात गेले. मी काकूंना हळूहळू गाडीत आणून बसवलं. चेहऱ्यावर रंग परत आला होता. काकूंनी पदर सारखा केला आणि एकदम म्हणाल्या, "यांनी तुमाला सांगितलं आसंल."

"काय?" मी शक्य तितका भाबडा चेहरा केला.

"सुधाकरराव, काळीज माह्या छातीत हाये. ते कमी चालतंय का जादा, मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत, काकू?"

त्या खिडकीबाहेर, औषधाच्या दुकानातल्या गर्दीत उभ्या असलेल्या अण्णांकडं बघत राहिल्या.

"लगीन झाल्यापसून हे फुडं अन् मी मागं. बाजारात म्हणा, लग्नाकार्यात म्हणा. कव्हा वळून बघितलं न्हाई. आता माह्या बराबरीनं चालत्यात. रस्ताभर बोलत्यात. कशावर बोलत्यात ते मला निम्मं समजत न्हाई." त्या हसल्या. "मला ठाव हाये, मी एकटी चालते म्हणले, तं जातील की दुकानात निघून."

अण्णा गोळ्यांची पिशवी घेऊन आले. सवयीनं पुढचं दार उघडलं, मग ते लावून घेतलं आणि मागं काकूंशेजारी जाऊन बसले. काकू सरकल्या.

"तुमच्या तब्येतीचं काय म्हणले डॉक्टर?" काकूंनी विचारलं.

"अजून लई दिवस चालावं लागंल म्हणले."

"चालू की मंग," काकू म्हणाल्या, "पण उद्या भाकर खाऊन निघू. तुमाला उपाशी सोसत न्हाई."