कपबशा विसळणाऱ्याची रीतसर भरती

सुपेल्याच्या चौकात धोंडबांच्या हॉटेलात कपबशा विसळायला एक माणूस हवा होता. गरज एवढीच होती, आणि ती त्यांच्या बायकोची, गिरजाबाईंची होती. त्यांची लेक तारा हिचे दिवस भरत आले होते. बाळंतपण दुसरं, म्हणून ते बोरसीला सासरीच व्हायचं होतं. घरात सासू नाही, आणि जावई असा की पाणी तापव म्हटलं तर आधी चूल कुठे आहे ते विचारणार. पण हॉटेलात चहा करणं, भजी तळणं, कपबशा विसळणं सगळं गिरजाबाईंच्याच गळ्यात होतं. धोंडबा गल्ल्यावर बसत. विसळायला कोणी मिळालं तर चहाभज्यांचं मी पाहीन, असं त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं होतं.

"अवो, एखादा माणूस पाहा ना," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरगी वाट पाहून राहिली माही."

एरवी धोंडबांनी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारली असती. पण समोरच्या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहत होता, माणसांची भरती धूमधडाक्यात चालली होती, आणि त्या भरतीच्या गोष्टी गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून धोंडबांचं डोकं फिरलं होतं.

"असा कोणालेही उचलून आणता येते का?" ते म्हणाले. "देश कुठं चालला, अन् आपण कुठं! भरती रीतसर होईन."

रीतसर म्हटल्यावर माहितगार आला. आनंदराव हे रोजचे गिऱ्हाईक, कुठल्याशा कचेरीत कारकून. फुकट चहावर ते सल्लागार झाले आणि त्यांनी पाटी रंगवली : विसळणारा पाहिजे, मॅट्रिक, अनुभवी, चारित्र्य उत्तम.

भंडाऱ्याकडून आलेला चिंधू मॅट्रिक नव्हता, पण लग्नाच्या पंगतींची भांडी घासून त्याचा हात बसला होता. आला तो उष्ट्या कपांचा ढीग पाहून थेट खाली बसला आणि धुऊ लागला. गिरजाबाईंना देव भेटल्यासारखं झालं.

"हात लावू नको!" आनंदराव ओरडले. "तुही निवड नाही झाली अजून."

चिंधूला उठवून समोर उभं केलं.

"कपाले कान कावून असते?"

"धराले."

"मंग बशीले कावून नसते?"

चिंधूने डोकं खाजवलं. "तिले कोणाचं आयकाचं नसन, साहेब."

उत्तर चुकलं, पण दुसरा उमेदवारच नव्हता. चिंधूची निवड झाली आणि गिरजाबाई गाठोडं बांधायला उठल्या.

"बस खाली," धोंडबा म्हणाले. "आधी ट्रेनिंग."

ट्रेनिंग द्यायला केवलराम आला. तो धोंडबांचा मावसभाऊ, त्यामुळे त्याची मुलाखत घ्यावी लागली नाही. त्याने जन्मात कप विसळला नव्हता, पण शिकवायला ते लागत नाही. शिकाऊ माणसाच्या हातून माल फुटतो, सबब पहिल्या भागात खरा कप द्यायचा नाही असं ठरलं. गरम चहाचा धोका म्हणून चिंधूच्या डोक्यावर लोखंडी टोपी आली. मग केवलराम म्हणे, "उचल!" आणि चिंधू हवेतला कप उचले. "घास!" हवेतला कप घासला जाई. "पालथा घाल!" शेजारी खऱ्या कपांचा ढीग चुलीच्या उंचीला पोचला होता, तो गिरजाबाई उपसत होत्या.

पुढे आनंदरावांना स्टाफच्या सुखाची काळजी लागली. ते रोज चिंधूजवळ बसून विचारत, "मनातलं सांग. खुश आहेस ना?"

"खुशच आहो, साहेब. पण कप कवा देता?"

म्हणजे माणूस आतून नाराज आहे असं निदान झालं, आणि नाराजीवर इलाज म्हणून स्टाफला दिवसातून तीनदा चहा सुरू झाला. चहा शिकाऊला, शिकवणाऱ्याला, आणि दोघांची काळजी करणाऱ्यालाही.

"अवो, पहिले मी गिऱ्हाइकाचे कप धूत होती," गिरजाबाई फणकारल्या. "आता धुवाले शिकणाऱ्याचेही धुऊन राहिली!"

अशातच बोरसीहून निरोप आला. ताराच्या पोटात दुखायला लागलं होतं. गिरजाबाईंनी झारा टाकला.

"सुट्टीचा नियम हाये," आनंदराव आडवे आले. "सुट्टी पक्क्या माणसालेच भेटते. तुमची तर मुलाखतच नाही झाली, वहिनी."

"मंग घ्या ना लवकर! पोरगी तिकडं एकटी हाये!" गिरजाबाई म्हणाल्या. गिऱ्हाइकंही कळवळली. "जाऊ द्या ना बाईले! काय तमाशा लावला हा!" असं सगळं हॉटेल एका तोंडाने म्हणालं.

मुलाखत तिथल्या तिथे झाली.

"चहाचा अनुभव?"

"तुमच्या हातात काय हाये ते पाहा."

आनंदरावांनी हातातला कप रिकामा करून खाली ठेवला. "दाखला?"

धोंडबा लिहून द्यायला सरसावले, तर नातेवाइकाचा दाखला चालत नव्हता. परक्याकडे गिरजाबाईंनी कधी चहा केला नव्हता. धोंडबांनी खाली मान घालून निकाल सांगितला : गिरजाबाई, चहाच्या कामास अपात्र.

"मंजे आता मी या हाटेलात कोणी नाही?"

"नियमानं नाही," आनंदराव म्हणाले.

"मंग सुट्टी तरी कशाले मागू?"

यावर नियम नव्हता. गिरजाबाईंनी पदराला हात पुसले आणि बोरसीवरून दुर्गकडे निघालेला गिट्टीचा ट्रक हात करून थांबवला. संध्याकाळी ताराला मुलगी झाली. नातीला पहिलं न्हाऊ आजीनेच घातलं आणि मग ती माउली भिंतीला टेकून पोटभर रडली. ऐकून आमच्याही जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल थंड होती; चहाच्या कामावर धोंडबांचीही निवड झालेली नव्हती. धोंडबांनी नवी पाटी लावली : चहा करणारा पाहिजे. कारखान्याच्या पाळीचा भोंगा वाजायच्या आत दारात रांग लागली. काल बाईसाठी कळवळलेले सगळे होते, कोणी मेव्हण्यासाठी, कोणी साडूसाठी, प्रत्येकाजवळ कोणाची तरी चिठ्ठी. रांग चौक ओलांडून गेली.

तुम्हीही होतात की तिथे, शेवटाला, भाच्याचा अर्ज खिशात घालून. चहा का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच हळूच विचारलंत, "काय हो, इथे ओळख कोणाची लागते?"