तुलनेचा तुकडा

शेतकऱ्याचं दारिद्र्य घालवायचं, तर आधी त्याचं अज्ञान मोजावं लागतं. (दारिद्र्य मोजायला त्याच्या घरी जावं लागतं; अज्ञान कचेरीत बसूनही मोजता येतं.) मलावीतल्या देड्झाच्या पीकसुधार केंद्राने हे मोजमाप अकरा वर्षं निष्ठेने केलं आणि मग एनिफा म्वालेचं एकरभर शेत प्रयोगासाठी निवडलं. शेत डांबरी रस्त्यालगत होतं; पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागत नव्हता.

शेताचे दोन तुकडे झाले. वरच्यात ‘सुधारित’ अशी पाटी लागली. तिथे केंद्राचं मक्याचं बियाणं, बाटलीच्या बुचाने मोजून घातलेलं खत, आणि मक्याशिवाय दुसरं काही नाही. खालच्या तुकड्यात ‘तुलना’. तिथे एनिफाने नेहमीसारखी शेती करायची, म्हणजे नेहमीची शेती किती वाईट असते ते सिद्ध होईल. एनिफाला यात अपमान वाटला नाही. सासूने शिकवलं होतं तसंच तिने केलं. गेल्या सालची मक्याची ताटं वरंब्यात पुरली, मक्यात तूर पेरली, मोकळ्या जागी भोपळ्याचे वेल सोडले.

जानेवारीत पावसाने तीन आठवडे दडी मारली. सुधारित मक्याच्या पानांच्या सुरळ्या झाल्या आणि वाळल्या. तुलना मात्र हिरवीगार उभी.

केंद्रात चिंता पसरली. (दुष्काळाची नव्हे, त्यासाठी अर्जाचा वेगळा नमुना आहे.) डॉ. न्यासुलू यांच्या अध्यक्षतेखाली चार बैठका झाल्या आणि निष्कर्ष निघाला, की दोष बियाण्यात नाही, तुलनेत आहे. सरासरी शेतकरी इतकी चांगली शेती करत नाही. एनिफा सरासरी सोडून वागली, म्हणून प्रयोग बिघडला. उपाय सोपा होता. डॉक्टर स्वतः बांधावर आले आणि अदबीने म्हणाले, “मावशी, एवढी तूर तेवढी उपटून टाका.”

एनिफा खुरपत होती, ती खुरपतच राहिली.

“उपटते की. मग घरातली सात माणसं नसिमाच्या, त्या मक्याच्या उकडीच्या घासाबरोबर काय खातील, डॉक्टर? तुलना?”

डॉक्टरांची आईही मक्यात तूरच पेरायची. पण ती माहिती कुठे छापून आलेली नसल्यामुळे ग्राह्य धरता येत नव्हती.

तूर वाचली. मार्चमध्ये परदेशी देणगीदार पाहणीला यायचे होते. ते येण्याच्या आदल्या दिवशी दोन मजूर आले आणि पाट्यांची अदलाबदल करून गेले. अशी ती एकरभराची सुधारणा दहा मिनिटांत उरकली. पाहुण्यांनी हिरव्या तुकड्यात उभं राहून फोटो काढले आणि वाळलेल्या तुकड्याकडे पाहून मान हलवली.

त्या वाळलेल्या तुकड्यातून दीड पोतं निघालं. एरवी जानेवारीपर्यंत पुरणारा मका ऑक्टोबरातच संपला. पोरांचं सकाळचं खाणं बंद झालं. संध्याकाळी भोपळ्याची वाळवलेली पानं आणि ती तूर, यावर घर तगलं. एनिफा केंद्रात गेली आणि हे सगळं सांगितलं. तुलनेच्या तुकड्यात कमी पिकणं अपेक्षितच असतं, असं तिला समजावण्यात आलं, आणि केंद्राचं बोधचिन्ह छापलेलं, कमरेला गुंडाळायचं एक कापड भेट देण्यात आलं. कापड पक्क्या रंगाचं होतं.

पुढच्या पेरणीआधी गावोगाव ‘न्यासुलू पद्धती’चे वर्ग निघाले. ताटं पुरावीत, मक्यात तूर पेरावी, मोकळ्या जागी भोपळा लावावा, असं तिथे तक्ते लावून शिकवलं गेलं. एनिफालाही बसवलं. परीक्षेत तिला शंभरपैकी एकतीस गुण पडले. (तुरीचं शास्त्रीय नाव तिला येईना.) नवी पद्धत स्वीकारायला ती कचरते, अशी नोंद झाली.

वर्षाअखेरीस डॉक्टर छापील अहवाल घेऊन तिच्या अंगणात आले. मुखपृष्ठावर एनिफाचाच फोटो होता, खाली ‘लाभार्थी’. तिने तो बराच वेळ न्याहाळला.

“हे वाचतं कोण?”

“दूरदूरची शिकलेली माणसं, मावशी.”

“शेती करतात ती?”

“नाही.”

“मग वाचून करतात काय?”

डॉक्टर न्यासुलू लिहिताना काय वाटेल ते लिहीत, पण एनिफाच्या तोंडावर खोटं बोलणं त्यांना जमेना.

“आधी हसतात,” ते म्हणाले. “मग जरा हळहळतात.”

“आणि मग?”

“मग पान उलटतात.”