आपला अर्ज मिळाला

बायकोचा मेसेज चुकू नये म्हणून मी फोनमधले सगळे मेसेज आवरायचं ठरवलं. हेतू इतका चांगला होता.

सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात मी प्रवेशाचं टेबल सांभाळतो. यंदा नोटिशीवर ऑफिसऐवजी माझा नंबर छापला गेला. (टाईप मीच केली होती. ते असो.) तेव्हापासून अख्खा जिल्हा मलाच विचारतो, ‘सर, यादी लागली का?’ त्यातच बायको, प्रेमला, आमच्या लेकीच्या, इंद्रायणीच्या, दुसऱ्या बाळंतपणाला नातेपुत्याला निघाली. म्हणाली, “फोनवर बोलायचं तर समोर व्याही बसल्यालं असत्यात. मी मेसेज करीन. शिकलेय की आता!”

ती गेली आणि मी न वाचलेले चारशे बारा मेसेज घेऊन शेजारच्या टेबलावरच्या शहाजीकडे गेलो.

“सोपं हाय की, एकनाथराव! वळखीचं नंबर वर, अनवळखी खाली. खालच्यांना फोन आपोआप उत्तर देतोय. तुमी बघायचंच न्हाय.”

उत्तराचा मजकूर मात्र मीच दिला. “आपला अर्ज मिळाला. कागदपत्रे पूर्ण असल्यास विचार केला जाईल. वारंवार विचारणा करू नये.” (बावीस वर्षांच्या नोकरीचं सार आहे ते.)

फोन लखलखीत झाला. वर चारच नावं, पहिलं प्रेमलाचं. पण तिच्या नावापुढे एकही मेसेज नाही.

दुसऱ्या दिवशी नात झाल्याचा जावयाचा फोन आला. मागून प्रेमलाचं फक्त “गॅसचं बघा म्हणावं” एवढं ऐकू आलं. पुढे दोन आठवडे सामसूम. मी रोज चहा दोघांचा टाकायचो आणि दोन्ही कप मीच प्यायचो. कुकरची शिट्टी झाली की “अगं, बंद कर” म्हणून ओरडायचो आणि स्वतःच उठायचो. तिची फार आठवण यायची. पण फोन करणार नव्हतो. मेसेज करीन म्हणाली होती ना? मग करावा!

शेवटी जावयाचा, अभिमन्यूचा, पुन्हा फोन आला. बिचारा चाचरत होता.

“मामा, मामी विचारत्यात, लग्नाचा दाखला चालंल का?”

“कशाला?”

“ते म्हायती न्हाय. मूळ पायजे का झेरॉक्स, तेबी विचारलंय. त्यांना नव्या नंबरचा फोन दिलाय न्हवं, त्यावरनं पंधरा दिस तुमाला मेसेज करत्यात म्हणं.”

मी खालचा ढीग उघडला. तिथे, बीकॉमच्या दोन पोरांच्या मधे, माझी बायको होती.

‘जेवला का.’ अर्ज मिळाला.

‘अवो मी हाय.’ अर्ज मिळाला.

‘बारसं झालं. हितं करमत न्हाय. न्यायला या.’ वारंवार विचारणा करू नये.

एकतीस वर्षांत ‘करमत न्हाय’ असं ती तोंडानं कधी म्हणाली नव्हती. मी रजेचा अर्ज टाकला आणि पहिल्या एस.टी.नं नातेपुतं गाठलं. ती पिशवी भरून ओट्यावरच बसली होती.

परतीच्या वाटेवर माळशिरस मागं पडलं. तेव्हा ती म्हणाली, “ती उत्तरं तुमी लिवत होता?”

“नाही गं! फोन आपोआप पाठवायचा. आत्ता बंद करतो.”

“आपोआप व्हय?” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तरीच. तुमी मला इतक्या लगीच कधी उत्तर दिलंय? राहू द्या चालू.”