साहेबांच्या फियाटला जावळाचं पॉलिश

पॉलिशचं मशीन कसं धरावं, हे अख्ख्या मराठवाड्यात एकट्या मला कळतं. हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही! चिकलठाण्याच्या एमआयडीसीत स्कूटरच्या पत्र्यांना रंग देणारा एक कारखाना होता, तिथं मी पॉलिशवर होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या पत्र्यात तपासणीवाला आधी भांग पाडून घ्यायचा, दातात अडकलेली मेथी काढायचा आणि मगच 'पास'चा शिक्का मारायचा. एकदा एक पत्रा मी उन्हात ठेवला, तर समोरच्या कारखान्यातली माणसं दुसरा सूर्य उगवला म्हणून दुसऱ्या पाळीवर हजर झाली!

आता ह्यात थोडं इकडंतिकडं असेल. करमाडात मला 'थापाड्या मुंजाबा' म्हणायचे ते उगीच नाही. पण इथून पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि खरी पंचाईत त्यानंच केली.

चौऱ्याण्णवचा जानेवारी. सहा वर्षं मी टेम्पररी होतो. कायम केल्याचं पत्र टाईप होऊन कारखान्याच्या साहेबांच्या बॅगेत पडलं होतं, सही तेवढी राहिली होती. "संक्रांत होऊ दे, करतो," असं साहेब म्हणाले होते. मी तर संक्रांतीच्या आधीच शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कायम माणसासारखा बोलायला लागलो होतो.

तिकडं नामांतराची लढाई सोळाव्या वर्षात होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार, आज लागतं की उद्या लागतं, अशी हवा. रोज कुठं मोर्चा, कुठं बंद. अशात साहेब आपली नवीकोरी काळी फियाट घेऊन बाईसाहेबांसोबत जालन्याला सासुरवाडीला निघाले. करमाडच्या फाट्यावर कुणीतरी सांगितलं, पुढं रस्ता अडवलाय, टायरं पेटलीत. बाईसाहेब घाबरल्या. साहेबांनी गाडी थेट माझ्या अंगणात आणून लावली.

"मुंजाबा, आम्ही रेल्वेनं जातो. पंधरा तारखेला सकाळी गाडी न्यायला येईन. हिच्यावर एक दगड पडता कामा नये!"

"साहेब, दगड काय, दगडाची सावली पडू देणार नाय!"

आणि मी शब्द पाळला. सांगून ठेवतो, त्या गाडीवर शेवटपर्यंत एकसुद्धा दगड पडला नाही.

दुसऱ्या दिवशी भोगी. भोगीला आमच्या मंडळींच्या, कस्तुराबाईच्या अंगात स्वच्छता संचारते. तिनं पहाटेपासून घर सारवलं, भांडी घासली, बंब घासला, मला घासला. मी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन जरा आडवा झालो. उठून अंगणात येतो तर बाई फियाटला भिडलेली! एका हातात नारळाची शेंडी, दुसऱ्या हातात चुलीतली राख!

"अगं, काय करू लागलीस?"

"साहेबाची वस्तू हाय. सणाची धुळीनं भरलेली ठिवू का? अन् सोप्पं नाय हां हे काम, घागर बरी. ह्या काळ्याला घासू घासू खांदा गेला माझा, तरी आतला पांढरा रंग निघंना!"

मी हातानं राख झटकली. अख्ख्या गाडीवर बारीक बारीक गोल ओरखडे. जणू हजार विंचू रात्रभर फुगडी खेळून गेलेत.

"कस्तुरा, हे पितळ नाय गं!"

"मंग आधी सांगायचं की!" बाई म्हणाली आणि शेंडी आपटून आत गेली.

पण मी घाबरणारा गडी नव्हे. ओरखडे वरवरचे होते. नख फिरवलं तर अडकत नव्हतं. नख अडकत नाही तो ओरखडा मशीननं निघतो, हा आमच्या धंद्यातला नियम. आणि मशीन कुणाच्या हातात? माझ्या! मी सायकल काढली आणि गावातच राहणाऱ्या सर्जेरावकडं गेलो.

सर्जेराव माझ्याच खात्यातला, माझा जिवाचा दोस्त. नामांतराचा एक मोर्चा त्यानं चुकवला नव्हता. आणि आमच्या नशिबानं पॉलिशचं हातातलं मशीन गेटपासवर दुरुस्तीला म्हणून त्याच्याच घरी आलेलं होतं. दुरुस्त झालं होतं, पेस्टचा डबाही होता. नव्हती फक्त मशीनच्या तोंडाला लावायची लोकरीची टोपी. ती राहिली स्टोअरमध्ये, आणि स्टोअरला सणाचं कुलूप.

"टोपीबिगर मशीन म्हंजी नुसता भोवरा," सर्जेराव म्हणाला. "घोंगडी लावू का कापून?"

"येडा हाय का? घोंगडीनं तर माझी पाठ सोलती. मऊ लोकर पाहिजे."

"मंग तुझ्या मेव्हण्याकडं काय कापूस हाय का?"

खरंच की! माझा मेव्हणा सोनाजी. गावाबाहेर त्याचा मेंढ्यांचा वाडा. आम्ही पिढीजात मेंढरांमागं फिरणारी माणसं. मीच तेवढा कारखान्यात शिरून साहेबी पत्र्यांच्या मागं लागलेला. संक्रांतीच्या सकाळी सोनाजी कोकराचं जावळ घेऊन हजर झाला. जावळ म्हणजे कोकराची पहिलीवहिली कातरलेली लोकर. लोण्यात बोट बुडवावं तशी मऊ!

"दाजी, जमादारच्या पोराचं जावळ हाय हे. देवाला द्यायचं होतं. तुमच्या पत्रापायी देतो."

जमादार म्हणजे सोनाजीचा टकरीचा एडका. पाचोडच्या बाजारात त्याच्यापुढं एडका उभा करायला माणसं कचरायची. एकदा त्याची टक्कर चुकून एसटीला लागली, तर एसटी जिथून आली तिकडं परत गेली! बरं, नाही गेली परत. पण थांबली होती, हे नक्की.

कस्तुराबाईनं रागातच, पण नेटकी टोपी शिवून दिली. गोणपाटाचा गोल आणि त्यावर जावळ. मी मशीन लावलं. मंडळी, पॉलिश म्हणजे जोर नव्हे. मशीन हळू फिरवायचं, एका जागी थांबायचं नाही, पाण्याचा हात मारत राहायचं. थांबलात की रंग जळतो. मी बॉनेटपासून सुरू केलं. घर्रर्र... घर्रर्र... आणि ओरखडे असे निघाले जसे पावणे निघतात, आधी एक, मग एकदम सगळे. दुपारपर्यंत चारी दारं झाली. पेस्ट पुसली आणि मी, कस्तुरा न् सर्जेराव मागं सरकलो.

आरसा! काळाभोर आरसा! त्या दारात आमचं अंगण होतं, लिंबाचं झाड होतं, झाडावरचा कावळा होता, आणि कावळ्याच्या चोचीतला तिळाचा दाणासुद्धा मोजून घ्या.

"मुंजाबा, हात हाय का काय हाय रे तुझा!" सर्जेराव म्हणाला. त्याच्या कानाला रेडिओ होता, सकाळपासून. आज निर्णय येणार म्हणून बातम्यांचा एक शब्द तो सोडत नव्हता.

दिवस कलला तसा सोनाजी तिळगूळ घ्यायला पुन्हा आला. येताना जमादारला घेऊन आला, कारण बहिणीनं सणाला एडक्याला ओवाळायचं, अशी त्या घरची पद्धत. गाडीपाशी आला आणि दोर सोडून दारात आपल्या मिशा बघायला लागला.

"दाजी, म्या इतका काळा हाय व्हय?"

तेवढ्यात ओट्यावरून सर्जेराव ओरडला, "झालं! मुंजाबा, झालं रे झालं!"

"व्हय, झालं की! एकदम आरसा झाला!" मी म्हणालो.

"आरं आरसा कसला! नाव झालं! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं!"

त्यानं रेडिओ डोक्यावर धरला आणि नाचायला लागला. डोळ्यांतून पाणी. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. सोनाजीही आला. आम्ही तिघं अंगणात गोल गोल फिरायला लागलो, आणि एडक्याकडं कुणाचंच लक्ष राहिलं नाही.

जमादार गाडीपुढं उभा होता. दारातून एक काळा, धिप्पाड एडका त्याच्याकडं रोखून बघत होता. जमादारनं मान खाली घातली, त्यानंही घातली. जमादारनं खूर घासला, त्यानंही घासला. वर त्या दाराला वास येत होता जमादारच्या स्वतःच्या पोराचा! जावळानंच घासलेलं ना! त्याला वाटलं असणार, ह्या काळ्यानं माझं कोकरू गिळलं. जमादार सात पावलं मागं गेला. शिकलेला एडका तो, सहा नाही, आठ नाही.

धडाम!

दार आत गेलं. आता पोचा पडलेल्या पत्र्यात समोरच्या एडक्याचं तोंड वाकडं दिसायला लागलं. जमादारला वाटलं, हा मला वेडावतोय!

धडाम! धडाम!

आम्ही पोहोचेपर्यंत दाराचा पापड झाला होता. त्यात कुणाचंच तोंड दिसेना. शत्रू पळाला ह्या समाधानात जमादार शांतपणे कस्तुराबाईपुढं ओवाळून घ्यायला जाऊन उभा राहिला.

मी ओट्यावर बसलो. डोळ्यांपुढं ते पत्र फडफडत होतं. सहा वर्षांची टेम्पररी नोकरी आता टेम्पररीसुद्धा राहणार नव्हती.

"दाजी, सोप्पं हाय," सोनाजी म्हणाला. "दगडफेक झाली म्हना. सायेबाला त्याचंच तर भ्या होतं. लगीच पटंल."

खरंच पटलं असतं. मी तोंड उघडलं, आणि सर्जेरावकडं नजर गेली. त्यानं रेडिओ बंद केला.

"दगडफेक म्हनलं की सायेब कुनाचं नाव धरतील, ठावं हाय का तुला सोनाजी?"

"आरं, आपन कुठं कुनाचं नाव घेतो?"

"घ्यावं लागत नाय. आपोआप लागतं. सोळा वर्सं दगड आमी खाल्ले, घरं आमची जळली. आन आज नाव लागलं, त्याच दिवशी ह्या एडक्याचं कर्तुक आमच्या माथी मारता व्हय?" मग तो माझ्याकडं वळला. "पर पोट तुझं हाय, मुंजाबा. तू काय म्हनशील ते म्हन. म्या सकाळी येतो."

तो गेला. मला रात्रभर झोप नाही. आयुष्यभर फुकटच्या थापा मारल्या. आज एक थाप खरोखर कामाची सापडली, तर ती मारता येईना!

सकाळी साहेब आणि बाईसाहेब आले. कबूल केल्याप्रमाणं सर्जेरावही येऊन लिंबाखाली उभा राहिला, निळा फेटा बांधून. साहेबांनी आधी चांगली बाजू बघितली. "वा! मुंजाबा, पॉलिश केलंस? शोरूममध्येसुद्धा अशी नव्हती!" मग ते गाडीला वळसा घालून पलीकडं गेले.

"दगडफेक?" साहेबांनी विचारलं.

मी लिंबाकडं बघितलं. "नाय साहेब. एडका."

"काय?"

"एडका, साहेब. त्याला दारात दुसरा एडका दिसला."

"मुंजाबा, कारखान्यात तुला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. निदान आज तरी खरं बोल."

"खरंच बोलतोय, साहेब! आईच्यान! आधी मंडळींनी राखेनं घासली, मग मी कोकराच्या जावळानं पॉलिश केली, तो कोकराचा बाप हाय, त्याला पोराचा वास आला..."

जसजसं खरं सांगत गेलो तसतसं साहेबांचं तोंड लाल होत गेलं. एवढी मोठी थाप मीसुद्धा कधी मारली नव्हती.

"कुठाय एडका?"

सोनाजीनं जमादारला आणलं. जमादार रवंथ करत उभा. गरीब बिचारा, आश्रमातून आल्यासारखा.

"हा? ह्यानं?" साहेब हसले. "दाखव."

"नको, साहेब."

"दाखव म्हणतो ना!"

"ह्या दारात त्याला काय दिसत नाय आता. दाखवायचं तर ती बाजू घ्यावी लागंल."

"अहो, जाऊ द्या ना," बाईसाहेब म्हणाल्या.

पण साहेब पेटले होते. स्वतः गाडीत बसले, गाडी वळवली, चांगली बाजू एडक्यासमोर आणली, खाली उतरले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. "हं!"

जमादारनं रवंथ थांबवलं. मान खाली घातली. सात पावलं मागं गेला.

धडाम!

सोनाजीनं दोर खेचला म्हणून एकावरच भागलं. साहेब ओट्यावर येऊन बसले. कस्तुराबाईनं चहा आणून ठेवला. अर्धा कप झाल्यावर ते म्हणाले, "पटलं."

"व्हय, साहेब."

"दगडफेक म्हणाला असतास तर मी पुढं काही विचारलंसुद्धा नसतं."

"ठावं हाय, साहेब."

"मग?"

"सर्जेराव उभा होता ना, साहेब, तिथं."

साहेबांनी लिंबाकडं बघितलं. निळा फेटा जागचा हलला नव्हता. त्यांनी उरलेला चहा संपवला, बॅग उघडली, पत्र काढलं, मांडीवर ठेवून सही केली. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "थांब." 'पॉलिश विभाग' असं टाईप केलेलं होतं, ते त्यांनी खोडलं, वर हातानं 'बाग' असं लिहिलं आणि पत्र मला दिलं.

तर असा मी कायम झालो. रिटायर होईस्तोवर कारखान्याच्या गेटपाशी हिरवळ राखली. पुढं गवत कापायचं मशीनही आलं, चांगलं परदेशी. पण मी मात्र शेवटपर्यंत विळ्यानंच कापत होतो. माझ्या फायलीत साहेबांच्या अक्षरात शेरा होता: 'यांच्या हाती फिरणारे कोणतेही यंत्र देऊ नये.'