फेतूईचं भाषण आणि इओसेफोचं अळू

“भट्टी माझ्यावर सोड, तू फक्त भाषणाचं बघ!” रविवारी सकाळी इओसेफोने बायकोला, फेतूईला, छातीठोकपणे सांगितलं. “माणूस पोटातून फिरतो. आज कारभाऱ्यांना असं जेवू घालतो, की मतं आपोआप पदरात पडतील!”

प्रार्थनेनंतर गावचे कारभारी त्यांच्याकडे जेवायला येणार होते. जेवणं झाली की ठरणार होतं, निवडणुकीत गाव फेतूईच्या पाठीशी उभं राहणार की तुइआलाच्या. गावात नळाचं पाणी आणलं ते फेतूईने, सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून! तुइआलाने आणली ती फक्त भाषणं. पण तो बोलायला उभा राहिला की समोरच्याला हरावंच लागे, कारण तो बसतच नसे.

सामोआत रविवारी तापल्या दगडांच्या भट्टीवर रांधायचं काम पुरुषांचं. इओसेफोने दगड लाल होईपर्यंत तापवले, अळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध भरून पुड्या बांधल्या. तेवढ्यात शेजारच्या सिओनेशी पंतप्रधानांनी काय करायला हवं यावर असा काही वाद रंगला, की पुड्या दगडांवर गेल्या तेव्हा दगड पार निवले होते! त्यातच पाद्रीबाबांनी प्रवचन लवकर आटोपलं. पाहुणे दारात!

“शिजलंय ना रे?” फेतूईने हळूच विचारलं.

“शिजलंय म्हणजे काय? लोणी झालंय, लोणी!”

चाखून बघणार कोण? पाहुणे जेवल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही, आणि पाहुण्याने यजमानाच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, ही तिथली रीत. कारभाऱ्यांबरोबर आलेल्या तुइआलाने सगळ्यांत जास्त पुड्या हाणल्या. मग तो बोलायला उठला.

“गावकरी हो... अहं... अहं! ही बाई... खॉक्!”

कच्चं अळूच ते, सोडतंय होय! बघता बघता सगळे कारभारी गळा खाजवू लागले. इओसेफोने कपाळावर हात मारला. गेली बायकोची निवडणूक!

फेतूई मात्र गडबडली नाही. तिने आधी सगळ्यांपुढे शहाळी ठेवली, मग शांतपणे उभी राहिली. पाणी, शाळेचं गळकं छप्पर, बाळंतिणींसाठी दवाखाना, अगदी थोडक्यात बोलली. काय बोलली हो! इओसेफोचे डोळे भरून आले. सगळ्यांत म्हाताऱ्या कारभाऱ्याने डोळे पुसत घोगऱ्या आवाजात निकाल दिला, “पोरी, गाव तुझ्या पाठीशी.”

पाहुणे गेल्यावर इओसेफोने छाती फुगवली. “बघितलंस? शेवटी माझ्या अळूनेच...”

“काय? मी अळूमुळे जिंकले?” फेतूई कमरेवर हात ठेवून उभी.

“छे, छे! तुझ्या भाषणामुळे!”

“म्हणजे अळूचा त्यात काही हात नाही?”

“अजिबात नाही! अळू एकदम झकास होतं!”

“मग बस जेवायला,” म्हणत तिने उरलेल्या सगळ्या पुड्या त्याच्या पानात वाढल्या.